कोरी ओळ कुठे गेली?

प्रति,
मा. संशोधन संचालक,
कृषी विद्यापीठे : राहुरी, अकोला, परभणी, दापोली



चौघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. चार वेगळी लिहिली असती तरी मजकूर तोच राहिला असता, आणि नाहीतरी संयुक्त ॲग्रेस्कोच्या, म्हणजे शिफारशी मंजूर करणाऱ्या संशोधन बैठकीच्या, निमित्ताने तुम्ही दरवर्षी एका मांडवाखाली येताच.

मी कृषी पदवीधर नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीसेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. बुरशी हा आवडीचा विषय. आता निवृत्त आहे. वडिलोपार्जित जमीन धाकटा भाऊ कसतो, मी बांधावरून सल्ले देतो आणि तो ते ऐकत नाही, अशी आमची वाटणी आहे.

गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "दादा, तूर वाळायलीय." गेलो. फुलोऱ्यातली तूर, कंबरेच्या वर गेलेली. मधूनच एखादे झाड उभ्याउभ्या माना टाकलेले. काहींची एकच बाजू वाळलेली आणि दुसरी बाजू हिरवीगार, अंगावरून वारे गेलेल्या माणसासारखी. बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा. विळ्याने खोड उभे चिरले तर सालीखाली काळी रेघ. मर. फ्युजॅरियम उडम. बटलर या आयरिश शास्त्रज्ञाने १९०६ साली बिहारमधल्या पुसा इथून या रोगाची हकीकत लिहिली आणि १९१० साली बुरशीला नाव दिले. तेव्हापासून आपण तिला नावाने ओळखतो, आणि तीही आपली जमीन ओळखून आहे.

भाऊ म्हणाला, "बियाण्याला ट्रायकोडर्मा लावला होता की. कृषी सहायकांनी सांगितल्याप्रमाणे."

मी विचारले, "न लावलेली ओळ कुठंय?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पोरीच्या लग्नात उपाशी बसवलेला पाहुणा कुठे आहे, असे विचारले होते. "न लावलेली कशाला ठेवू?"

माझे पत्र या एका प्रश्नापुरतेच आहे. त्या रानात चौथा हिस्सा तूर मेली. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावली नसती तर अर्धी मेली असती का? तेवढीच मेली असती का? दुकानातून आणलेल्या पाकिटात जिवंत काही होते तरी का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शेताकडे नव्हते. भाऊ म्हणतो औषध फसवे. शेजारच्या मळ्यात मर कमी आहे, तिथला शेतकरी म्हणतो औषध रामबाण. दोघांकडेही पुरावा सारखाच आहे, म्हणजे काहीच नाही.

शास्त्रात याला कंट्रोल म्हणतात. वर्गात हा शब्द काढला की पोरे हसायची, कारण आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचे दुकान, कंट्रोलचा तांदूळ. 'नियंत्रित गट' हा पाठ्यपुस्तकातला शब्द तर कुणाच्याच कानात शिरत नसे. म्हणून मी कोरी ओळ म्हणायला लागलो. बाकी सगळे तसेच ठेवायचे, तीच माती, तेच बियाणे, तीच पेरणीची तारीख, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची ते तिथे टाकायचे नाही. एवढेच.

हे मी तुम्हाला शिकवायचे म्हणजे सूर्याला काजवा दाखवण्यासारखे आहे, याची जाणीव आहे. तुमच्या संशोधन केंद्रांवरच्या प्रयोगात कोरा वाफा असतोच. इतकेच काय, तुरीच्या मरीवरचे काम जिथे झाले तिथे तर याहून कडक व्यवस्था आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या रानात, मर मुद्दाम पोसलेला एक वाफा असतो. मेलेल्या तुरीची खोडे त्यातच गाडायची, वर्षानुवर्षे तूरच पेरायची, म्हणजे बुरशी माजते. मग त्यात नवे वाण पेरायचे आणि ठरावीक ओळींनंतर आयसीपी २३७६ हा हमखास मरणारा वाण टाकायचा. पाहुण्यांना ही ओळ दिसली की ते हळहळतात. खरे तर ती ओळ मेली नाही तर हळहळायचे असते, कारण मग त्या वर्षीची सगळी परीक्षाच बाद. शेजारचा वाण जगला हे कुणी सांगायचे, तर या मेलेल्या ओळीने. बदनापूरच्या केंद्राने दिलेला बीएसएमआर ७३६ मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देतो, हे आपण छातीठोकपणे म्हणतो ते असल्याच परीक्षांच्या जोरावर.

म्हणजे कोरी ओळ तुमच्याकडे आहे. माझे म्हणणे असे की शिफारस तुमच्या फाटकातून बाहेर पडते आणि ती ओळ आत राहून जाते.

कृषी विज्ञान केंद्रांची आद्यरेखा प्रात्यक्षिके मी बरीच पाहिली. त्यात तुलना नसते असे मी म्हणणार नाही. एका बाजूला 'सुधारित पद्धत' आणि दुसऱ्या बाजूला 'शेतकऱ्यांची पद्धत' अशा दोन पाट्या असतात. पण सुधारित बाजूला वाण नवा, बीजप्रक्रिया नवी, खताची मात्रा नवी, फवारणी वेळेवर आणि साहेबांची फेरी दर पंधरवड्याला. उत्पन्न वाढते, आणि वाढायलाच हवे. त्यात ट्रायकोडर्माचा वाटा किती, हे मात्र देवाला ठाऊक. अहवालात सगळे श्रेय एकाच रकान्यात जाते आणि पुढच्या हंगामात दुकानदार त्या रकान्याकडे बोट दाखवून पाकीट विकतो.

आता पाकिटांविषयी. ट्रायकोडर्मा ही बनावट गोष्ट नाही. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखवून दिले की ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालून तिला खाते. काचेच्या बशीत एका कडेला रायझोक्टोनिया ही रोगकारक बुरशी आणि दुसऱ्या कडेला ट्रायकोडर्मा लावला तर चार-पाच दिवसांत हिरवी पावडर अख्ख्या बशीवर पसरते. माझ्या विद्यार्थ्यांना हे पाहताना कुस्ती पाहिल्याचा आनंद व्हायचा. पण बशी म्हणजे रान नाही. रानात तोच शेतकरी त्याच घमेल्यात आधी कार्बेन्डाझिम चोळतो आणि मग ट्रायकोडर्मा, कारण दुकानदाराने दोन्ही दिले आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी! मित्र असो की शत्रू, औषधाला नाते कळत नाही. त्याआधी ते पाकीट मे महिनाभर पत्र्याच्या छपराखाली भाजलेले असते, ते वेगळेच. ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत पेशी हे मानक कारखान्याच्या दारात ठीक आहे. पेरणीच्या दिवशी किती उरल्या, हे कोण मोजतो?

मायकोरायझाची गोष्ट आणखी मजेदार आहे. हा शब्द १८८५ साली जर्मनीतल्या अल्बर्ट फ्रँक यांनी घडवला. सरकारने त्यांना ट्रफल या जमिनीखालच्या महागड्या बुरशीची लागवड कशी करता येईल ते शोधायला सांगितले होते. ते काही जमले नाही, पण झाडांच्या मुळांवर बुरशीचे आवरण असते आणि ते झाडाला पोसते, असे त्यांना वाटू लागले. लोक म्हणाले, छे, ही तर बांडगुळासारखी परजीवी. फ्रँकनी वाद घालत बसण्यापेक्षा कुंड्या मांडल्या. काही कुंड्यांत पाइनच्या जंगलातली माती तशीच, काहींत तापवून निर्जंतुक केलेली. बुरशी असलेल्या मातीतली रोपे पुढे गेली. कोऱ्या कुंडीने मिटवलेला बहुधा हा या विषयातला पहिला वाद.

आपल्या तूर, ज्वारी, कापूस, कांद्याच्या मुळांत असते ती मायकोरायझा वेगळ्या जातीची. ती मुळाच्या पेशीत शिरते आणि तिथे झाडासारखी फांद्या फुटलेली, अतिशय नाजूक रचना तयार करते. झाडाच्या आत झाड. आठवडाभरात ते विरते आणि दुसरीकडे नवे फुटते. हे पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. १९९८ साली एक सोपी रीत प्रसिद्ध झाली. मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात पारदर्शक करायची, धुवायची आणि पेनची शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटे उकळायची. बुरशी रंगते, मूळ रंगत नाही. आमच्या कॉलेजात रंगाच्या बाटलीचे बिल मंजूर व्हायला वर्ष लागे. शाई कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळायची.

एका वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी बाजारातले एक मायकोरायझाचे पाकीट आणले. त्यावर लिहिले होते, 'सर्व पिकांसाठी उपयुक्त', आणि खाली चित्रे. त्यात कोबीचा गड्डा होता. कोबी, मोहरी, मुळा या कुळाला ही बुरशी धरतच नाही आणि पालक-बीटच्या कुळालाही सहसा नाही, ही पहिल्या धड्यातली गोष्ट. पाकीट छापणाऱ्याने पहिला धडा वाचलेला नव्हता.

आम्ही ज्वारीच्या कुंड्या मांडल्या. बारा कुंड्या कोऱ्या, बारांत पाकीट. मग एका मुलीने विचारले, "सर, पाकिटात बुरशीशिवाय आणखी काही असलं तर?" तीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. म्हणून आणखी बारा कुंड्या मांडल्या, आणि त्यांच्यासाठीचे पाकीट प्रेशर कुकरमध्ये चांगले शिजवून, बुरशी मारून घातले. पंचेचाळीस दिवसांनी जिवंत पाकिटाची ज्वारी कोऱ्या कुंडीपेक्षा उंच. आणि शिजवलेल्या पाकिटाचीही तेवढीच उंच. फायदा होता, पण तो बुरशीचा नव्हता, तिच्याबरोबर भरलेल्या ह्युमिक आणि इतर मालमसाल्याचा होता. पुढचे अधिक गमतीचे. मुळे शाईत उकळून पाहिली तर तिन्ही गटांत, कोऱ्या कुंड्यांतसुद्धा, ती झाडासारखी रचना होतीच. कुंड्यांत माती आमच्याच शेतातली होती. जे विकत आणले होते ते तिच्यात आधीपासून राहत होते.

एक पाकीट, एक माती, छत्तीस कुंड्या. यावरून मी सगळ्या मायकोरायझाला खोटे ठरवणार नाही, तसे केले तर माझ्यात आणि दुकानदारात फरक काय राहिला? पण तो शिजवलेल्या पाकिटाचा गट काढून टाकला असता, तर त्याच छत्तीसपैकी चोवीस कुंड्यांचा फोटो त्या कंपनीच्या कॅलेंडरवर शोभला असता.

योग्य तुलना ठेवली तर काय हाती लागते, याचे उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या ५४ शेतांत मायकोरायझा घातली आणि प्रत्येक शेतात न घातलेली जागा ठेवली. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. काही ठिकाणी मक्याची वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त, तर काही ठिकाणी १२ टक्क्यांपर्यंत कमी. होय, कमी. सरासरी काढून 'फायदेशीर' असा शिक्का मारता आला असता. त्यांनी तसे केले नाही, फरक का पडला ते शोधले. उत्तर असे निघाले की मातीत रोगकारक बुरशा जिथे जास्त तिथे मायकोरायझाचा उपयोग जास्त. स्फुरद पुरवणारी म्हणून जिची ख्याती, ती तिथे राखणदाराचे काम करत होती. आता विचार करा, आपल्या मरीने ग्रासलेल्या रानात हे केवढे कामाचे आहे. आणि डीएपीची गोणी ओतलेल्या रानात झाड या बुरशीला फारसे जवळ करत नाही, हेही जुनेच ज्ञान आहे. तेव्हा 'कुणी वापरावे' याइतकीच 'कुणी पैसे वाया घालवू नयेत' ही शिफारसही शेतकऱ्याला हवी आहे. तशी शिफारस ॲग्रेस्कोत मंजूर झालेली माझ्या वाचनात नाही.

फरक आढळला नाही, हा निष्कर्ष आपल्याकडे अपयश मानला जातो. पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षे कुंड्यांना पाणी घालतो, फरक येत नाही, प्रबंध बांधला जातो, कृषिकोश या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो आणि तिथेच झोपतो. मराठी घडीपत्रिकेत त्यातले अक्षरही येत नाही. घडीपत्रिकेत येते ते फक्त जिथे फरक दिसला ते. दहांपैकी तीन प्रयोगांत गुण आला आणि सात गप्प राहिले, तर वाचणाऱ्याला तीनपैकी तीन दिसतात.

हे मला अधिक लागते ते एका कारणाने. भारतातला कृषीचा विद्यार्थी प्रयोग कसा मांडायचा हे ज्या पुस्तकातून शिकत आला, ते १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले आणि त्यावर नावे आहेत पानसे आणि सुखात्मे. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले, जगाची भूक मोजली. पण वाफे कसे पाडायचे, कोरा वाफा कुठे ठेवायचा, तो चिठ्ठी टाकूनच का ठरवायचा, हे या जोडीने देशाला शिकवले. ही रीत मुळात रोनाल्ड फिशर यांची. ते १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला रुजू झाले. तिथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाची एक पट्टी खताविना ठेवली आहे. शेणखत नाही, रासायनिक नाही, काही नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षे उपाशी. हेक्टरी टनभर गहू ती अजून देते, आणि शेजारच्या पट्ट्यांतले खत नेमके किती कामाचे ते दरवर्षी सांगते.

चिठ्ठीचे महत्त्व मला भावाने शिकवले. यंदा त्याला म्हटले, एक ओळ कोरी ठेव. तो लगेच तयार झाला आणि बांधाकडची, बाभळीच्या सावलीतली, दरवर्षी पिवळी पडणारी ओळ दाखवली. त्यात लबाडी नव्हती. नुकसान होणारच तर ते पडीक ठिकाणी होऊ दे, असा संसारी हिशेब होता. मी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि पुतणीला एक उचलायला लावली. आठ निघाला. भाऊ तेव्हा म्हणाला ते वाक्य मी तुमच्यापर्यंत पोहोचवायचे ठरवले होते. "दादा, त्या पाटनचेरूत ओळ मेली तर सरकारची मेली. माझी मेली तर भरून कोण देणार?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याकडे आहे. हिशेब करून पाहा. सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून एकरात तुरीच्या वीसेक ओळी बसतात. एकरी चार क्विंटल धरले तर ओळीला वीस किलो. २०२५-२६ च्या हमीभावाने, ८,००० रुपये क्विंटलने, ओळ साफ मेली तरी १,६०० रुपये. शेतकरी मेळाव्याच्या एका कमानीचे फ्लेक्स याहून महाग पडतात.

एका शेतातली एक ओळ काही सिद्ध करत नाही, हे मान्य. पण एका कृषी विज्ञान केंद्राने तीस शेतकरी निवडावेत, चिठ्ठी टाकून प्रत्येकाची एक ओळ कोरी ठेवावी, त्या ओळीचे पैसे पेरणीच्या दिवशीच आगाऊ द्यावेत आणि नोव्हेंबरात मेलेली झाडे मोजावीत. मोजायला दहावीची मुले पुरतील. निकाल काहीही येवो, तो गावाच्या फळ्यावर आणि तुमच्या घडीपत्रिकेत मराठीत छापावा, पाकिटात जिवंत पेशी किती निघाल्या त्या आकड्यासकट. पुढच्या संयुक्त ॲग्रेस्कोत 'फरक आढळला नाही' या मथळ्याखाली अर्धा दिवस राखून ठेवावा. आणि शक्य झाले तर ज्वारीत तूर घेण्याच्या जुन्या पद्धतीचीही अशीच परीक्षा गावोगाव घ्यावी. इक्रिसॅटच्या प्रयोगांत ज्वारीसोबतच्या तुरीत मर कमी दिसली होती, आणि आमच्या आजोबांच्या काळी तूर ज्वारीतच असायची. सोयाबीन आले आणि ती जोडी मोडली. आजोबा बरोबर होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्याकडेही कोरी ओळ नव्हती.

यंदाच्या पेरणीत आमच्या रानात बांधापासूनची आठवी ओळ कोरी आहे. बाकीच्या एकोणीस ओळींच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावला आहे, कार्बेन्डाझिम कुणालाच नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना काठीवर लाल चिंधी बांधली आहे. तिचे सोळाशे रुपये मी भावाला माझ्या पेन्शनमधून दिले आहेत. दिवाळीनंतर तुमच्यापैकी कुणीही मोजायला यावे. आधी फोन केला नाही तरी चालेल, भाऊ रानातच असतो.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक